आवड आहे, सवड तुटली

गेल्या खरिपातली गोष्ट. खटाव तालुक्यातल्या एका गावात सोयाबीनची शेतीशाळा चालू होती. पीक फुलोऱ्यात आले होते. नेहमीप्रमाणे गट पाडले. प्रत्येक गटाने शेतात हिंडून झाडे निवडली, पानांमागच्या अळ्या मोजल्या, मित्रकिडी मोजल्या, मोठ्या कागदावर चित्र काढले, चर्चा झाली. शेतीशाळेच्या वेळापत्रकात आणखी एक बाब असते, 'सांघिक खेळ'. खरे सांगायचे तर बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच उरकली जाते. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती, हाताशी वेळ होता. मी बांधावरच्या सात चपट्या खापऱ्या गोळा केल्या, चिंध्यांचा चेंडू बांधला आणि म्हणालो, "चला, लगोरी मांडू."

चाळिशी-पन्नाशीतली वीस-बावीस माणसं. सुरुवातीला सगळे हात मागे बांधून उभे. कुणी तंबाखू मळायला लागले, कुणाला एकदम फोन करायची आठवण झाली. मग एका आबांनी टोपी नीट बसवली, चेंडू हातात घेतला आणि नेम धरला. लगोरी फुटली. पुढची वीस मिनिटे त्या पडीक तुकड्यावर जो दंगा उसळला, तो बघायला रस्त्याने चाललेली दुधाची गाडी थांबली. खेळ संपल्यावर एक शेतकरी धापा टाकत बांधावर टेकले आणि म्हणाले, "सायेब, पंधरा वर्सांनी पळालो बघा. गुरं सुटली तवा पळतो, तेवढं सोडून."

सगळे हसले. मला मात्र ते वाक्य सोडीना. 'आवड असली की सवड होते' असे आपण सहज बोलून जातो. त्या दिवशी त्या माणसांची आवड डोळ्यांनी दिसली. ती मेलेली नव्हती. मग पंधरा वर्षे ती होती कुठे? तेव्हापासून गावोगाव फिरताना मी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली आहे. खत-औषधाचे बोलणे संपले की विचारतो, "पूर्वी काय खेळत होता? आता काय खेळता?" आलेल्या उत्तरांवरून जे ध्यानात आले ते शेतकरी बंधू-भगिनींपुढे आणि गावच्या कारभाऱ्यांपुढे मांडतो.

जत्रा चैत्रातच का?

आपल्याकडच्या गावजत्रा बहुतेक चैत्र-वैशाखात येतात. त्याला देवाचे कारण आहे तसे शेतीचेही आहे. पूर्वी खटाव-माणमध्ये पीक पावसावरचे. खरिपाची बाजरी, रब्बीची शाळू ज्वारी. फाल्गुनापर्यंत खळे उरकले की कणग्या भरलेल्या आणि रान मोकळे. रोहिण्या निघेपर्यंत माणसाला आणि बैलाला दोघांनाही विसावा. त्या दोन महिन्यांत लग्ने, जत्रा, कुस्त्यांची मैदाने, रात्रभराचा तमाशा हे सगळे बसत होते. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या आसपास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेची सुपारी देतात. हे सारे वेळापत्रक शेतीच्या रिकाम्या महिन्यांवर बेतलेले आहे.

रात्रभर वग बघायचा म्हणजे दुसरा दिवस झोपायला मोकळा पाहिजे. आज तो दिवस कुठून आणणार? उरमोडीचे पाणी फिरले, विहिरी झाल्या, शेततळी झाली. पाणी आले ही चांगलीच गोष्ट. आम्ही कृषी खात्याच्या माणसांनीच वर्षाला दोन-तीन पिके घ्या म्हणून सांगितले. पण त्यामुळे चैत्र-वैशाख रिकामे राहिले नाहीत. उन्हाळी कांदा काढायचा असतो, भुईमुगाला पाणी द्यायचे असते, अक्षय तृतीयेच्या पुढे आल्याची लागण येते. त्यात दारात दोन संकरित गाई. ज्वारीचे खळे उरकून माणूस दोन दिवस पाहुण्याच्या गावी जाऊ शकत होता. गाय जाऊ देत नाही. सकाळी धार, संध्याकाळी धार, डेअरी बंद व्हायच्या आत दूध पोचलेच पाहिजे. जत्रेला आलेला जावई आता जेवण झाले की घड्याळ बघतो, कारण त्याच्या घरीही गाय आहे.

म्हणून जत्रेतला तमाशा आक्रसला आणि ऑर्केस्ट्रा आला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर भोंग्याला बंदी आली, एवढेच त्याचे कारण नव्हे. बघणाऱ्यालाही दहानंतर थांबायचे नव्हते. पहाटे पाचला उठायचे होते.

तुटका वेळ

आता हिशेब करा. शेतकऱ्याला मोकळा वेळ अजिबात नाही असे नाही. डेअरीवर रांगेत दहा मिनिटे, विकास सोसायटीत सचिव येईपर्यंत अर्धा तास, बाजार समितीत मालाचा लिलाव लागेपर्यंत दोन तास. शेतीपंपाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज अशी पाळी वर्षानुवर्षे चालत आली. सौर कृषी वाहिनीमुळे काही फीडरवर दिवसा वीज मिळू लागली आहे, पण जिथे रात्रपाळी आहे तिथे दारे धरायला गेलेला माणूस एक सरी भरेपर्यंत बांधावर बसूनच असतो. सगळा मिळून वेळ भरपूर होतो. पण तो एकसंध नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे, आणि प्रत्येकाचा तुकडा वेगळ्या वेळचा आहे. माझी रांग सकाळी सातला, शेजाऱ्याचे पाणी रात्री दोनला. कबड्डीला दोन बाजूंना सात-सात मिळून चौदा गडी एकाच वेळी मोकळे असावे लागतात. तसे चौदा गडी आता श्रावणातल्या एखाद्या सणाला सापडतात, नाहीतर नाही.

मी स्वतः तिशीतला आहे, त्यामुळे आमच्या पिढीचा हिशेब मला अंगावरून माहीत आहे. शाळेत असताना खो-खो, सूरपारंब्या, विटीदांडू. गावात एका घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आला तेव्हा मारिओ आणि काँट्रा खेळायला आम्ही दारात नंबर लावून बसायचो. पुढे नोकियाच्या काळ्या-पांढऱ्या फोनवरचा साप. कृषी पदविकेला असताना वसतिगृहासमोर टेनिस बॉलचे क्रिकेट, अंधार पडला तरी चालूच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, स्वस्त इंटरनेट गावात पोचले, आणि पबजी आला. चौघांची टोळी करून खेळायचा, एक डाव अर्धा तास चालायचा. २०२० च्या टाळेबंदीत तर गावातली निम्मी तरुण पोरे रात्री त्यातच होती. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली. पुढच्या वर्षी तोच खेळ दुसऱ्या नावाने परत आला.

तोवर माझे लग्न झाले होते, नोकरी अंगावर पडली होती, घरात मूल आले होते. डाव रंगात यावा आणि पोर रडायला लागावे, नाहीतर पीकपाहणीचा फोन यावा. मधेच सोडले की टोळीतले तिघे शिव्या द्यायचे. हळूहळू मीच म्हणू लागलो, "मला धरू नका." आणि मग हातात काय राहिले? जो खेळ मधेच सोडला तरी कुणाचे अडत नाही तो. रंगीत गोळ्या जुळवायच्या, एकट्याने लुडो खेळायचा, नाहीतर अंगठ्याने रील्स सरकवत राहायचे.

प्रपंचाचा भार आला की माणूस खेळणे सोडतो असे आपण समजतो. तसे होत नाही. तो खेळ बदलतो, आणि बदलताना पहिल्यांदा सवंगडी सोडतो. कारण सवंगडी म्हटला की वेळेचे बंधन आले, शब्द पाळणे आले. कर्ज, पीक, पोरांच्या फिया, आई-बापाचे औषधपाणी या सगळ्यांना शब्द देऊन बसलेल्या माणसाला खेळातही पुन्हा शब्द द्यायला नको वाटते. त्याला असा खेळ हवा असतो जो काही मागत नाही. तसा खेळ फोनमध्ये भरपूर आहे. फक्त त्या खेळातून उठताना अंग हलके झालेले नसते. लगोरी खेळून आलेल्या माणसाचा चेहरा आणि दोन तास फोन बघून उठलेल्या माणसाचा चेहरा शेजारी ठेवून बघा.

बायकांचा खेळ आधी संपतो

हे झाले पुरुषांचे. बायकांना विचारले तेव्हा उत्तर फार छोटे आले. "लग्न झालं, खेळ संपला." पुरुषाचा खेळ तिशी-पस्तिशीत आटतो, बाईचा एका दिवसात आटतो. माहेरच्या गावात ती झोक्यावर उभी राहून पायाने झाडाची डहाळी गाठत होती. सासरी तीच बाई पंचमीला झोक्याकडे बघते आणि पुरणाचे पाहते.

तरी आपल्या जुन्या माणसांनी तिच्यासाठी एक दार उघडे ठेवले होते. नागपंचमीला लेकीने माहेरी यायचे, रात्री फेर धरायचा, झिम्मा, फुगडी, पिंगा घालायचा. मंगळागौरीला रात्र जागवायची. श्रावणात पिके गुडघा-मांडीला लागलेली असतात, पहिली खुरपणी उरकलेली असते, म्हणून ती सवड. आज त्या आठवड्यात सोयाबीनवर फवारणी येते, बटाट्याला भर लावायची असते, आणि गाईची धार तर असतेच. माहेरी आलेली लेक संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाते.

संध्याकाळी साडेसात ते नऊ टीव्हीवरच्या मालिका हीच बाईची हक्काची करमणूक राहिली. त्याला नावे ठेवणाऱ्या पुरुषांनी एक गोष्ट बघावी. मालिका बघताना तिचे हात रिकामे नसतात. लसूण सोलणे, भाजी निवडणे, पोराचा अभ्यास, भाकरी, सगळे मालिकेबरोबर चालते. जी करमणूक कामाच्या आड येत नाही तेवढीच तिच्या वाट्याला आली.

एका गावातल्या बचत गटाने मात्र साधी युक्ती काढली. महिन्याची बैठक संपली, वहीत सह्या झाल्या की पंधरा मिनिटे फुगडी आणि झिम्मा. एक आक्का सांगत होत्या, "आधी हप्ता द्यायला जीव नको म्हणायचा. आता हप्ता असू दे नसू दे, बाया येत्यात." हप्त्याची वसुली सुधारली की नाही ते मी विचारले नाही. त्या येतात एवढे खरे.

पारावरचा डाव आणि हातातला डाव

आता अवघड विषयाकडे येतो. ज्या खेळात पैसा लावला जातो, तो खेळ प्रपंचाच्या ताणाबरोबर वाढतो. वीस वर्षांचे पोर मजेसाठी खेळते. चाळिशीतला कर्जदार माणूस पैसे फिटतील या आशेने खेळतो. आवड बदलली म्हणतो आपण, पण इथे गरजेने आवडीचे सोंग घेतलेले असते.

हे आजचेच नाही. मटक्याचा जन्म आपल्या कापसाशी जोडलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी कोणता भाव उघडणार आणि संध्याकाळी कोणता भाव बंद होणार, यावर मुंबईत आकडा लावला जात असे. ते भाव येणे १९६० च्या सुमारास बंद झाले, तेव्हा आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यातून काढायला लागले. मडके म्हणजे मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या कापसाच्या बाजाराचेच राहिले. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलानेच पुढे आकडा लावून शेत घालवल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील. पारावर पैसे लावून पत्ते कुटणे हाही जुगारच. त्याविरुद्धचा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे. तेव्हा जुने ते सगळे सोने असे म्हणण्यात अर्थ नाही.

पण पारावरच्या डावाला काही कुंपणे होती. हरणारा आणि जिंकणारा एकाच गावचे. खिशातले संपले की डाव संपला. अंधार पडला की पत्ते दिसायचे बंद. बायको येऊन सगळ्यांदेखत हाका मारायची, चुलते चारचौघांत कान उघडायचे. मोबाइलवरच्या रमीला यातले एकही कुंपण नव्हते. रात्री दोनला, बांधावर, एकट्याने, बँकेतले पैसे थेट. मघाशी म्हटले तसे, जो खेळ मधेच सोडला तरी कुणाचे अडत नाही, त्या खेळातून आपल्याला उठवणाराही कुणी नसतो.

माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. वय अडतीस, हाताळायला चार एकर, आल्याचा चांगला अभ्यासू बागायतदार. आल्याला एकरी आठ-दहा क्विंटल बेणे लागते आणि बेण्याचे पैसे रोख मोजावे लागतात. आधीच्या वर्षी कंद कुजीने प्लॉट बसला होता आणि उरलेल्या मालाला भाव नव्हता. बेण्यासाठी सोसायटीचे आणि थोडे पाहुण्याचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. रात्री पाणी देताना फोनवर रमी. पहिल्या आठवड्यात दोन-तीन हजार आले. "वाटलं, निदान औषधाचं भागंल," असे तो म्हणाला. मग गेले ते आणायला लावले, ते आणायला आणखी लावले. लागणीच्या दिवसांत मी प्लॉट बघायला गेलो तर रान तयार, बेड पाडलेले, ठिबक अंथरलेले, आणि बेणे नाही. मी कारण विचारले तर म्हणाला, "यंदा रेस्ट देतोय रानाला." घरच्यांनाही त्याने तेच सांगितले होते. खरी गोष्ट कळायला दिवाळी उजाडली. त्या चार महिन्यांत तो कुठल्या शेतीशाळेला आला नाही, भजनाला गेला नाही, जत्रेच्या मीटिंगला गेला नाही. पैसे गेले ते वर्ष-दोन वर्षांत भरून येतील. माणूस चार महिने गावात असून गावात नव्हता, आणि ते आम्हा कुणाच्या ध्यानात आले नाही, याची मला जास्त लाज वाटते.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. म्हणजे फसलेल्या माणसाने तक्रार करायला भिण्याचे कारण नाही. कायद्याला मंजुरी मिळताच देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. तरी चोरवाटा राहतातच. कुणी ओळखीच्याने पाठवलेली लिंक, बाजारात नसलेले अॅप, 'पहिल्या दिवशी बोनस' असे आमिष दिसले की समजा, पारावरचा मटकेवाला वेष बदलून आला. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. जितके लवकर कळवाल तितके बरे.

शर्यतीचा नाद

बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी मे २०१४ मध्ये आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार, शेती प्रदर्शन आणि शर्यतीचे मैदान हे तिन्ही एकत्र बघायला मिळते. शर्यत हा असा खेळ आहे जो वय वाढले तरी सुटत नाही. पोर असताना काठीला दोरी बांधून छकडा पळवायचा, तरुणपणी छकड्यावर बसायचे, वय झाले की फाटीवर उभे राहून निशाणाकडे डोळे लावायचे. माणूस आहे तोच. ताकद कमी झाली तशी त्याने खेळातली जागा बदलली. हे मला शहाणपणाचे वाटते.

पण इथेही एक गोष्ट बोलून दाखवतो. पूर्वी शर्यतीचा बैल शेतातही चालायचा. आता नांगरट ट्रॅक्टरने होते. पळणारा बैल पळण्यापुरताच असतो, त्याची किंमत लाखांत जाते आणि खुराक वर्षभर द्यावा लागतो. ज्याच्या दुधाच्या धंद्यात, बागायतीत तेवढा वाव आहे त्याने हौस जरूर करावी. पीककर्ज उचलून बैल आणणाऱ्याने मात्र आधी कागदावर हिशेब मांडावा. बैलाचा दोष काही नाही, हप्ता वेळेवर येतो एवढेच.

वाढल्या वयाची माणसे कशी खेळतात?

साठीच्या पुढच्या माणसांना विचारले की ती हसतात. "आमी अजून खेळतोय की!" आषाढात माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. पेरण्या उरकून आलेले, पांढरे केस झालेले वारकरी वाटेत फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, पावली खेळतात. कुणी त्यांना म्हणत नाही, "वय काय, खेळता काय!" उलट लोक पाया पडतात. गावातल्या भजनी मंडळाचेही तसेच. एकादशीच्या रात्री टाळ घेऊन उभ्या राहिलेल्या आबांना दिवसभराची कंबरदुखी आठवत नाही.

या दोन्हीत एक समान धागा आहे. दिवस आणि वेळ ठरलेली आहे. वारीची तिथी बदलत नाही, एकादशी बदलत नाही. त्यामुळे माणूस आपली कामे त्या तिथीभोवती बसवतो. 'सवड मिळाली तर येतो' असे वारीला कुणी म्हणत नाही. तुटक्या वेळेवर जुन्या माणसांनी शोधलेला उपाय हाच. सवड सापडत नसते, ती आधी ठरवून राखावी लागते. उसाला पाण्याची पाळी ठरवतो तशी.

गावाने काय करावे?

कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेली, २०१४ पासून टीव्हीवरच्या प्रो कबड्डीने ती घराघरात आली. बघणारे वाढले, ते चांगलेच. आता गावात खेळणारे दहा-वीस गडी वाढवायचे तर फार मोठा खर्च नाही. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे साधारण सव्वा गुंठा. व्हॉलीबॉलला अठरा बाय नऊ मीटर, म्हणजे दीड गुंठ्याच्या थोडे वर. एवढी जागा कुठल्याही गावच्या शाळेजवळ किंवा गावठाणात निघते. अडचण जागेची कमी आणि ठरवण्याची जास्त आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे संचालक आणि शाळेचे गुरुजी यांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात असे सुचवतो.

एक, आठवड्यातला एक दिवस आणि एक तास ग्रामसभेत ठरवून घ्यावा. डेअरीची संध्याकाळची वेळ संपल्यावरचा तास सोयीचा पडतो, कारण त्या वेळी माणूस तसाही घराबाहेर असतो. ज्या दिवशी शेतीपंपाची वीज दिवसा आहे तो दिवस धरावा.

दोन, त्या तासाला वयाची अट नको. पोरांची टीम वेगळी आणि चाळिशीवाल्यांची वेगळी असे करू नये. बाप आणि मुलगा एका बाजूने खेळू द्या. मुलाच्या हातातला फोन काढून घेण्यापेक्षा बापाने स्वतःचा फोन खुंटीवर अडकवून मैदानात उतरणे जास्त लागू पडते.

तीन, मैदान आणि व्यायामशाळेसाठी शासनाची अनुदान योजना आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करून ग्रामपंचायतीने प्रस्ताव द्यावा. जागेचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव आधी तयार ठेवावा.

चार, बचत गटाच्या बैठकीनंतरची पंधरा मिनिटे बायकांच्या हक्काची धरावीत. त्या वेळी घरातली चूल कोण बघणार, हे त्या घरच्या पुरुषाने ठरवावे.

पाच, एखादा नेहमी येणारा माणूस तीन-चार वेळा दिसला नाही तर त्याच्या घरी जाऊन चहा प्यावा. उपदेश करू नये. नुसते बसावे. मन फारच खचलेले वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोनवर मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत.

आणि सहावी गोष्ट आम्हा खात्याच्या माणसांसाठी. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या प्रश्नातून शेतीशाळेची पद्धत निघाली. शेतकरी एकत्र शिकतात, तर आधी एकत्र मोकळे झाले पाहिजेत, म्हणून तिच्यात खेळ घातलेले आहेत. ती बाब रजिस्टरात लिहून उरकू नये.

त्या सोयाबीनच्या शेतीशाळेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. लगोरीनंतरच्या वर्गाला मी वेळेवर पोचलो तर बांधावर माझ्या आधी माणसे हजर. मला वाटले, शेंगा पोखरणाऱ्या अळीची काळजी लागली असेल. जवळ गेलो तर आबांच्या हातात नवा चेंडू होता, नातवाकडून मागून आणलेला. आणि त्यांच्या मागे, जरा बाजूला, आल्याचे रान 'रेस्ट' दिलेला तो शेतकरी उभा होता. कुणीतरी त्याला घरी जाऊन घेऊन आले होते. आबा त्याला म्हणाले, "तू लगोरी लाव रं. तुझा हात बारीक कामाला चांगला हाय."

तो खाली बसला आणि खापऱ्या एकावर एक रचायला लागला. अळ्या आम्ही त्यानंतर मोजल्या.